वसई, रेवदंडा व कोर्लई येथील जुन्या मिशनांचे दर्शन
(महागाव येथे ज्युबिली महोत्सवाच्या सभेत केलेले भाषण)



ज्युबिलीच्या निमित्ताने आपल्या धर्मग्रामातील आम्ही काही मंडळी सुटीत कोकणपट्टीची यात्रा करून आलो. तिचा वृत्तांत या सभेस सांगावा अशी आज्ञा झाली आहे. यात्रेहून परतलेल्याने घरोघर प्रसाद द्यावा ही आपल्या मुलखाची रीत. आगाशीची सुकेळी आम्ही आणली होती, ती वाटून केव्हाच संपली; आता वृत्तांत तेवढा शिल्लक आहे.

निघण्यापूर्वी आमच्यातीलच एका तरुणाने एक प्रश्न घातला होता, तो येथे प्रथम सांगितला पाहिजे, कारण सबंध प्रवासात तो आमच्या पाठीस लागून होता. तो म्हणाला, “आपले पूर्वज पैनगंगेच्या खोऱ्यात ज्वारी-कापूस पिकवीत होते तेव्हा फिरंगी वसईस ख्रिस्तमंदिरे बांधीत होता. त्या पडक्या भिंतींशी आपले नाते काय? तुमचा धर्म फिरंग्यांचा असे आधीच लोक म्हणतात. त्यांच्या किल्ल्याची यात्रा करून आपण होऊन त्यांच्या हाती कोलीत का द्यावे?” प्रश्न रास्त होता. वडील मंडळींपैकी कोणीही त्यास गप्प बसविले नाही. तू चल, पाहा, आणि मग बोल, एवढेच त्यास सांगण्यात आले.

येथे थोडी दूरची हकीकत सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. सुटीच्या दिवसांत जुनी मिशने पाहण्यास जाण्याची चाल अमेरिकेत फार आहे. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर स्पेनच्या राज्यात फ्रान्सिस्कन संन्याशांनी १७६९ साली पहिले मिशन सॅन दिएगो येथे स्थापिले. त्या कार्याचे पुढारी फादर हुनिपेरो सेरा हे होते. १८२३ पर्यंत अशी एकवीस मिशने झाली. टेक्सास प्रांतात सॅन अँतोनियो शहरी नदीच्या काठाने आणखी पाच आहेत. त्यांची गणना २०१५ साली जागतिक वारशात झाली. चुन्याने सफेद केलेल्या भिंती, कमानींच्या लांब ओसऱ्या, घंटा, मध्ये बाग, असे ते रम्य स्थान असते व लोक मुलाबाळांसह ते पाहण्यास जातात. परंतु ज्यांच्यासाठी ही मिशने उभारली त्या मूळच्या लोकांचे काय झाले, असे विचारले की उत्तर ऐकून मन खिन्न होते. स्नानसंस्कार घेतलेल्या माणसास मिशन सोडून जाण्याची मोकळीक नसे. गोवरासारखे जे रोग त्यांच्या देशात पूर्वी नव्हते त्यांनी ती माणसे हजारोंनी मेली. १८३३ साली मेक्सिकोच्या सरकारने मिशने धर्मगुरूंच्या हातून काढून घेण्याचा कायदा केला, तेव्हा ज्या जमिनी त्या लोकांच्या वाट्यास यावयाच्या त्या बहुतेक दुसऱ्यांनीच गिळंकृत केल्या. फादर सेरा यांस २०१५ साली पोप फ्रान्सिस यांनी संतपद दिले, त्या वेळी या जमातींच्या वंशजांपैकी कित्येकांनी आपली व्यथा उघडपणे बोलून दाखविली. भिंती डागडुजी होऊन उभ्या राहिल्या. ज्यांनी त्या उभारल्या त्यांची कुळे विरळ झाली.

हे सर्व आम्ही वाचून गेलो होतो. म्हणून वसईस पोचल्यावर दगडांइतकेच माणसांकडे पाहावयाचे, असा आमचा निश्चय होता.

महागावहून एस्.टी.ने नांदेड, तेथून रात्रीच्या आगगाडीने मुंबई व मुंबईहून लोकलने वसई रोड, असा आमचा मार्ग झाला. लोकलमधील गर्दीचे वर्णन करीत नाही. आमच्या म्हाताऱ्या मंडळींनी त्या डब्यात जितक्या जपमाळा म्हटल्या तितक्या साऱ्या यात्रेत म्हटल्या नसतील.

१५३४ साली गुजरातचा सुलतान बहादुरशाह याने तह करून वसई पोर्तुगीजांस दिली. १५८० साली पोर्तुगालचे राज्य स्पेनचा राजा दुसरा फिलिप याजकडे गेले व १६४० पर्यंत दोन्ही मुकुट एकाच मस्तकावर राहिले. म्हणजे साठ वर्षे वसईचा धनी स्पेनचा राजा होता. तेव्हा स्पॅनिश मिशने पाहण्यास आपणांस समुद्र ओलांडावा लागला नाही, असे आमच्यातील एक गुरुजी विनोदाने म्हणाले. आणि हिशेबाने पाहता ते अगदीच खोटे नाही.

किल्ला सुमारे एकशे दहा एकरांचा आहे. एक दरवाजा जमिनीकडे, एक दर्याकडे. आत एक शहरच होते. फ्रान्सिस्कन, येशूसंघीय, दोमिनिकन व आगुस्तिन या चारही संघांचे मठ व मंदिरे, शिवाय संत जोसेफ यांचे मुख्य मंदिर, इतके सर्व त्या तटाच्या आत. मुख्य मंदिर १५४६ साली बांधले व १६०१ साली, आर्चबिशप आलेइशो दि मेनेझिस यांच्या कारकिर्दीत, ते नव्याने उभारले. त्याचा मनोरा अद्याप उभा आहे. छप्पर मात्र नाही. वेदीच्या जागी गवत, आणि भिंतीच्या सांध्यासांध्यांतून झाडांची मुळे उतरलेली. फ्रान्सिस्कनांच्या मंदिरात जमिनीवर थडग्यांच्या शिळा आहेत, त्यांवर पोर्तुगीज उमरावांची नावे व कुलचिन्हे कोरलेली आहेत. त्यांवर पाय पडू नये म्हणून आमच्या आज्याबाया चपला हातात घेऊन कडेकडेने चालल्या. ज्याची त्याची श्रद्धा.

एक गोष्ट तेथे लक्षात आली, व पुढील सर्व वृत्तांताची किल्ली तीच आहे. तटाच्या आत राहण्याचा मान मुख्यत्वे त्या उमरावांचा होता. ज्यांच्या शेतसाऱ्यावर त्यांचे वैभव चालले तो शेतकरी, कोळी, कारागीर तटाबाहेर, आपापल्या गावी राहत असे. आणि त्याच्यासाठी धर्मगुरूंनी त्याच्याच गावात साधी मंदिरे बांधली होती.

येशूसंघीयांचे मंदिर त्यातल्या त्यात सुस्थितीत आहे. तेथे संत गोन्सालो गार्सिया यांचा सण दर वर्षी फेब्रुवारीत साजरा होतो. या संताविषयी थोडे सविस्तर बोलण्याची परवानगी असावी, कारण ते वसईचे, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या मातीतले. जन्म १५५७ च्या सुमाराचा. बाप पोर्तुगीज, आई याच कोकणपट्टीची. येशूसंघीयांच्या शाळेत वाढलेला हा मुलगा पंधराव्या वर्षाच्या सुमारास धर्मगुरूंबरोबर जपानास गेला, तेथील भाषा उत्तम शिकला व कित्येक वर्षे त्याने उपदेशकाचे काम केले. येशूसंघात प्रवेश मिळावा ही त्याची फार इच्छा होती. ती पूर्ण झाली नाही. मग त्याने व्यापार केला, त्यात पैसाही मिळविला. पुढे फिलिपाइन्स बेटांत मनिला येथे, म्हणजे स्पेनच्या मिशनात, तो फ्रान्सिस्कन संघात साधा बंधू म्हणून दाखल झाला. १५९३ साली फादर पेद्रो बाप्तिस्ता यांजबरोबर दुभाषा म्हणून तो पुन्हा जपानास गेला. तेथील सर्वाधिकारी हिदेयोशी याच्या दरबारात स्पेनच्या वकिलांची वाणी म्हणजे हा वसईकर. १५९६ च्या शरदात स्पेनचे सान फेलिपे नावाचे गलबत जपानच्या किनाऱ्यास लागले, त्यावरून संशय वाढला, मिशनरी म्हणजे स्पेनच्या फौजेचे अग्रदूत असे हिदेयोशीने मानले, आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथील टेकडीवर सव्वीस जणांस क्रुसावर चढवून भाल्यांनी मारले. त्यांत आमचे गोन्सालो होते. १८६२ साली त्यांस संतपद मिळाले. ते धर्मगुरू कधीच झाले नाहीत. स्वयंपाक, दुभाष्याचे काम, रोग्यांची सेवा हेच त्यांचे आयुष्य.

पाहा, राजसत्तेची सावली धर्मावर पडली म्हणजे काय होते ते! निरपराध माणसास स्पेनच्या तोफांबद्दल प्राण द्यावा लागला.

हीच सावली वसईतही होती, आणि आम्ही ती झाकणार नाही. पोर्तुगीज अमलात हिंदूंची देवळे पाडली गेली, अनाथ मुलांना नातलगांपासून काढून पाद्र्यांच्या स्वाधीन करण्याचे कायदे झाले, आणि १५६० पासून गोव्यास धर्मन्यायासन बसले, त्याचा हात उत्तरेकडील या प्रांतापर्यंत पोचत होता. दुसऱ्या दिवशी आम्ही बोरीवलीजवळ मंडपेश्वराची लेणी पाहिली. शंकराचे हे कोरीव लेणे सोळाव्या शतकात फ्रान्सिस्कन फादर आंतोनियो दो पोर्तो यांच्या वेळी ख्रिस्तमंदिर बनविले गेले. वरच्या बाजूस त्यांच्या विद्यालयाचे अवशेष उभे आहेत. आत एका भिंतीवर नटराज आहे, दुसरीकडे कातळात कोरलेला मोठा क्रूस आहे. आज हे स्थान पुराणवस्तू खात्याच्या ताब्यात आहे. क्रुसापुढे आम्ही डोके टेकले हे खरे. पण तो कोरण्यासाठी ज्याचे दैवत खरवडले गेले त्याचे मन कसे झाले असेल, हा विचार आमच्यापैकी बहुतेकांच्या मनात आल्यावाचून राहिला नाही. प्रश्न विचारणारा तरुण तेथे बराच वेळ एकटा उभा होता.

आता १७३९. चिमाजी अप्पांनी वसईस वेढा घातला, सुरुंग लावून तट फोडला, दोन्हीकडची माणसे अतोनात मेली आणि मे महिन्यात किल्ला मराठ्यांच्या हाती आला. शाळेत आपण हा इतिहास अभिमानाने वाचतो, आणि वाचावाच. ती फौज आपल्याच मुलखाची होती. परंतु तटाबाहेरचे शेतकरीही आपल्याच मुलखाचे होते, हे शाळेच्या पुस्तकात येत नाही. शरणागतीचा तह उदार होता. पोर्तुगीज शिबंदीस शस्त्रांसह, वाजतगाजत निघून जाऊ दिले आणि मागे राहणाऱ्या ख्रिस्ती लोकांस आपला धर्म पाळण्याची मोकळीक मान्य केली. उमराव गेले. युरोपीय धर्मगुरूही गेले. तटाच्या आतील मंदिरे ज्यांच्यासाठी होती तेच उरले नाहीत, म्हणून ती ओस पडली व शंभर-दीडशे वर्षांत त्यांची छपरे गेली.

तटाबाहेर काय झाले? राजा नाही, फौज नाही, तनखा नाही, युरोपीय पाद्री नाही. ज्यांस बळजबरीने किंवा लोभाने धर्म दिला होता त्यांस तो टाकण्यास आता काहीच हरकत नव्हती, आणि कित्येक घरे परत पूर्वधर्मात गेलीही. परंतु हजारो गेली नाहीत. थोडे देशी धर्मगुरू व गावोगावचे उपदेशक यांच्या आधारावर त्यांनी मिस्सा, जपमाळ, उपवास, सण चालू ठेवले. फ्रेंच प्रवासी आंकेतील द्यु पेरों हा १७६० च्या सुमारास, मराठी अमलात, साष्टीत फिरला. तेथील ख्रिस्ती लोक उघडपणे धर्म पाळतात आणि त्यांच्या सणास हजारोंनी जमतात, असे त्यास दिसले. त्या लोकांचे पणतू-खापरपणतू आज वसईत आहेत. १९९८ साली वसईचा स्वतंत्र धर्मप्रांतही झाला. म्हणून आम्ही म्हणतो की कॅलिफोर्नियात जे झाले त्याच्या उलट येथे झाले.

पापडी, रमेदी, निर्मळ, आगाशी, नंदाखाल अशा गावांतून आम्ही दोन दिवस फिरलो. रविवारी सकाळी मिस्सा मराठीत. मंदिर ओट्यापर्यंत भरलेले. काही वृद्ध स्त्रिया अजून लाल लुगड्यात येतात. आम्ही ज्यांच्याकडे उतरलो ते सामवेदी ख्रिस्ती कुटुंब होते. त्यांची घरातली बोली ऐकून आम्हांस हसू येई आणि आमचे ‘काहून’, ‘पोट्टे’, ‘लय’ ऐकून त्यांस. तरी जेवणाच्या पंगतीत प्रार्थना एकत्र म्हणताना कोणाचेही अडले नाही. शेतकऱ्यास शेतकरी भेटला की धर्माआधी पिकाची गोष्ट निघते. त्यांच्या केळीच्या व पानवेलीच्या वाड्या, फुलांचे मळे, आणि पावसाचे पाणी धरून ठेवणारी गोड्या पाण्याची तळी, ज्यांस ते बावखल म्हणतात, ही आम्ही बारकाईने पाहिली. इमारतींसाठी कित्येक बावखले बुजविली गेली, विहिरी खारट होत चालल्या, असे ते सांगत होते. आमच्याकडे पाऊस दगा देतो, त्यांच्याकडे जमीनच विकली जाते. आमच्या यजमानांनी बोलता बोलता म्हटले की मराठ्यांच्या राज्यात आम्ही टिकलो, इंग्रजांच्या राज्यात टिकलो, पण बिल्डरच्या राज्यात टिकू असे खात्रीने सांगवत नाही. हे बोल ऐकून किल्ल्यातील छप्पर नसलेले मंदिर आम्हांस पुन्हा आठवले.

रेवदंड्यास आम्ही एकच दिवस होतो. जुन्या चौल बंदरातील पोर्तुगीज शहर नारळी-पोफळीच्या वाड्यांत गडप झाले आहे. फ्रान्सिस्कन मठाचा उंच मनोरा, ज्यास लोक सातखणी म्हणतात, तेवढा दुरून दिसतो. खाडीपलीकडे कोर्लईचा डोंगरी किल्ला. हा पोर्तुगीजांनी १५९४ साली, म्हणजे स्पेनच्याच अमलात, निजामशाहीपासून जिंकला व १७४० च्या तहाने तो आणि चौल मराठ्यांकडे आले. किल्ल्याच्या पायथ्याच्या गावात मात्र एक नवल आहे. तेथील सुमारे हजार ख्रिस्ती माणसे आजही घरात एक वेगळी भाषा बोलतात. ती पोर्तुगीजपासून झालेली, पण मराठी वळणाची आहे. तिला ते ‘नो लिंग’, म्हणजे आमची भाषा, म्हणतात. पोर्तुगीज जाऊन पावणेतीनशेहून अधिक वर्षे झाली. त्या भाषेत त्यांच्याशी बोलणारा राजा नाही, तिची शाळा नाही. आयांनी मुलांस शिकविली म्हणून ती राहिली. मुले शाळेत मराठी शिकतात आणि तरुण नोकरीस बाहेर जातात, त्यामुळे पुढील पिढीत तिचे काय होईल याची चिंता तेथील वडील माणसांच्या बोलण्यात होती. कार्मेलमातेच्या मंदिरात आम्ही मराठीत गीत म्हटले. त्यांनी आपल्या भाषेत प्रणाम मरिया म्हटले. शब्द कळले नाहीत, चाल कळली.

परतीच्या वाटेवर नाशिकास उतरून गोदावरीच्या काठी नारोशंकराच्या देवळातील प्रसिद्ध घंटा पाहिली. वसईच्या मोहिमेतून मराठे सरदारांनी पोर्तुगीज मंदिरांच्या घंटा विजयाची खूण म्हणून आणल्या, त्यांपैकी ती एक सांगतात. भीमाशंकरास व वाईजवळ मेणवलीसही अशा आहेत. आमच्यातील काहींस प्रथम वाईट वाटले. मग एका वृद्ध उपदेशकांनी म्हटले, की घंटा गेल्या, तरी वसईचे लोक मिस्सेस वेळेवर येतच राहिले ना? या वाक्यावर आगगाडीत नांदेडपर्यंत चर्चा चालली. ती चर्चा आमच्या ज्युबिलीशी जोडली गेली, म्हणून येथे सांगणे भाग आहे.

आपणा सर्वांस ठाऊक आहे की ज्युबिली निधीतून मंदिरास उंच मनोरा व नवी घंटा करावी असे एक मत आहे. तोच पैसा गावोगावच्या उपदेशकांस व शिकणाऱ्या मुलांच्या राहण्या-जेवणास लावावा असे दुसरे. आपल्या वऱ्हाडात धर्म तोफेच्या पाठीमागून आला नाही. इंग्रजांचा अंमल होता खरा. पण ते सरकार कॅथलिक नव्हते, आणि आन्सी येथील संत फ्रान्सिस दे सेल्स यांच्या संघाचे जे मिशनरी नागपुराकडे आले ते इंग्रज नव्हते. नागपूरचा धर्मप्रांत १८८७ सालचा, आपला अमरावतीचा १९५५ सालचा. आपल्याजवळ उमरावांची थडगी नाहीत, कुलचिन्हे नाहीत. जे आहे ते उपदेशकांच्या पायपिटीवर उभे आहे. आमच्या यात्रेतील बहुतेक मंडळी जाताना मनोऱ्याच्या बाजूची होती. येताना अर्ध्याहून अधिक दुसऱ्या बाजूस गेली. आम्ही स्वतः दुसऱ्या बाजूचे आहो हे लपवीत नाही. तथापि मनोऱ्याच्या बाजूनेही बोलण्यासारखे पुष्कळ आहे. कोर्लईच्या कोळ्यांस समुद्रावरून आपले गाव त्या उंचवट्यावरून ओळखू येते, तसे शिवारातून कापूस वेचणाऱ्यास आपले मंदिर दिसावे, ही इच्छा हलकी नव्हे. निकाल धर्मग्रामाच्या सभेने करावयाचा आहे.

आणि तो प्रश्न विचारणारा तरुण? त्यास आम्ही नांदेडच्या स्थानकावर पुन्हा विचारले. तो म्हणाला, “किल्ला माझा नाही. निर्मळच्या मंदिरात माझ्या शेजारी बसलेला म्हातारा मात्र माझा आहे.” मग त्याने आणखी एक प्रश्न घातला: मंडपेश्वराच्या भिंतीबद्दल आपण शेजाऱ्यांशी कधी बोललो आहो काय? त्याचे उत्तर आमच्यापैकी कोणाजवळ नव्हते.

पुढील वर्षी संत गोन्सालो यांच्या सणास जाण्याचा काही मंडळींचा विचार आहे. सण फेब्रुवारीच्या आरंभी येतो. तेव्हा कापसाची शेवटची वेचणी व हरभऱ्याची सोंगणी यांचा मेळ ज्याने त्याने आधी पाहून ठेवावा. वसईस उतरण्याची सोय ओळखीच्या कुटुंबांकडे होऊ शकते, परंतु त्यांस आधी पत्राने किंवा फोनने कळविले पाहिजे. किल्ल्यात फिरताना पायांत बंद जोडे असावेत, गवत दाट असते. ज्यांस यावयाचे असेल त्यांनी आपली नावे रविवारच्या मिस्सेनंतर आमच्याकडे द्यावीत.